गोड रक्त आणि गोठा

ज्याचं रक्त गोड त्याला डास जास्त चावतात, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. पूस-पैनगंगेच्या खोऱ्यातलं महागावही तिला अपवाद नसावं. पण डासाच्या मादीला सोंड खुपसेपर्यंत रक्ताची चव कळणार कशी? ती माणूस त्याआधीच हेरते: श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीचा वास यांवरून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून तो वास टिपला. 2022 मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांच्या कातडीवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त, त्यांच्याकडे एडिस डास जास्त ओढले जातात, आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकतो. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांना डास जास्त चावतात म्हणतात, त्याचं काय, असं कुणी विचारेल. तसे प्रयोग झाले आहेत, पण थोड्या माणसांवर, आणि निष्कर्षही एकसारखे नाहीत.

वासाने उलगडा होतो तो एकाच बाजेवर निजलेल्या दोघांमधल्या फरकाचा. महागावच्या या खोऱ्यात कुणाला किती डास चावणार हे ठरायचं त्याच्याही आधी, निजण्याच्या जागेवरून. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. ओढ्या-नाल्यांच्या डबक्यांत वाढणारा हा डास माणसापेक्षा गुरांवरच जास्त पोसतो. मग गुरं म्हणजे कवचच की! इतकं सोपं मात्र ते नाही. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या पाहणीत गुरं पाळणाऱ्या कुटुंबांत हिवताप उलट जास्त आढळला. गुरं डासांना घराजवळ ओढून आणतात, आणि गोठा व माणसाची बाज एकाच छपराखाली असली की जनावरानंतर माणसाचा नंबर लागतोच. गोठा घरापासून किती हात लांब, यावर म्हणून बरंच अवलंबून असणार. याच हिशेबाने सगळ्यात उघडा पडायचा तो जागलीला गेलेला माणूस. पावसाळा सरल्यावर ज्वारी भरते, नाल्यांत पाणी साचलेलं असतं, हिवतापाचेही ते दिवस. आणि रानडुकरांपासून पीक राखायला तो एकटा मचाणावर. आसपास दुसरं ऊबदार अंग नाही. रक्त गोड असो वा कडू, डासांना पर्याय तोच. शेकोटीचा धूर काय तेवढा आडोसा.

1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. पोट भरलेला डास भिंतीवर टेकतो, म्हणून डीडीटी मारायची ती घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता, 1965 पर्यंत ते लाखावर आले. तरी 1976 मध्ये ते पुन्हा 64 लाखांवर गेले. डास डीडीटीला निर्ढावले, यंत्रणा ढिली पडली, ही त्याची मोठी कारणं. एक कारण अगदी घरातलं होतं: सणासुदीला मातीची भिंत शेणामातीने सारवली की औषध त्या थराखाली गाडलं जायचं. सारवणं चुकीचं होतं असं मुळीच नाही. फवारणीचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी पोळा-दिवाळी विचारात घ्यायला हवी होती.

आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, आणि डेंग्यूचा एडिस घरातल्या रांजणात, टाक्यांत वाढतो. तो दिवसा चावतो, त्याला माणूसच हवा असतो. त्याच्यापुढे गोठा जवळ की लांब, याने फारसा फरक पडत नाही, आणि कातडीच्या वासाचा तो रॉकफेलरचा हिशेब खऱ्या अर्थाने लागू होतो तो इथे.