लोखंडी दोर आणि आल्प्सचीं गांवें

डोंगरावर वस्ती करून राहणाऱ्या माणसाला पीक काढण्यापेक्षां तें घरापर्यंत आणणेंच अधिक जड जातें. आल्प्स पर्वतांतील शेतकऱ्याची शेंकडों वर्षें हीच स्थिति होती. त्याचीं गवताचीं कुरणें उंच उतारांवर असत, गोठा खालीं असे, आणि गवताचे भारे व लांकडाचे ओंडके यांची ने-आण पाठीवरून किंवा घसरगाडीवरून करावी लागे. या साध्या अडचणींतून जो धंदा जन्मास आला, त्याचा पसारा आज जगभर झाला आहे. ज्या अडचणीनें त्याला जन्म दिला तिच्यापासून तो मध्यंतरीं किती दूर गेला व पुन्हां तिच्याकडे कसा वळला, हा त्याच्या इतिहासांतील विचार करण्याजोगा भाग होय.

ब्रेन्नर खिंडीच्या दक्षिणेस श्टेर्त्सिंग हें लहानसें शहर आहे. १८८८ सालीं, टिरोल प्रांत ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अमलाखालीं असतांना, गाब्रिएल लाइटनर यानें तेथें एक कारखाना काढला. शेतीचीं यंत्रें, लांकूड कापण्याच्या गिरण्यांचें सामान, पाण्याच्या जोरानें फिरणारीं चक्रें आणि माल वाहणारे रज्जुमार्ग तेथें तयार होत. विहिरीवरील रहाट ज्यानें पाहिला आहे त्याला रज्जुमार्गाची रचना सहज समजेल. दोन टोकांस दोन मोठीं चाकें, त्यांवरून अखंड फिरणारा पोलादी तारांचा दोर, मधल्या खांबांवर त्याला उचलून धरणाऱ्या कप्प्या, आणि रहाटाच्या माळेवर पोहरे असतात तसे दोराला लटकणारे पाळणे. रस्ता करावयाचा तर डोंगर फोडावा लागतो. दोराला खांब रोवण्यापुरती जागा पुरते.

माल वाहणाऱ्या दोरावर माणसानेंही बसावें ही कल्पना याच प्रांतांत लौकर रुजली. बोल्झानो शहराजवळील कोलर्नच्या डोंगरावर योझेफ श्टाफ्लर या खाणावळवाल्यानें आपल्या पाहुण्यांसाठीं १९०८ सालीं रज्जुमार्ग उभारला. प्रवाशांसाठीं बांधलेल्या अगदीं आरंभींच्या रज्जुमार्गांत त्याची गणना होते. पुढें १९१५ ते १९१८ या काळांत इटली व ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांनीं याच पर्वतांत समोरासमोर ठाणीं दिलीं. तेव्हां दारूगोळा व अन्न वर चढविण्यास आणि जखमी शिपायांना खालीं आणण्यास दोन्ही पक्षांना दोराचाच आधार घ्यावा लागला. युद्ध संपलें, १९१९ च्या तहानें दक्षिण टिरोल इटलीकडे गेला, श्टेर्त्सिंगला विपितेनो हें दुसरें नांव मिळालें. परंतु डोंगर, उतार आणि दोर होते तेथेंच राहिले.

खरें स्थित्यंतर घडविलें तें बर्फावरील खेळानें. पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ लोकप्रिय झाला. परंतु खालीं येण्यास मिनिटें लागत, तर पुन्हां वर चढण्यास तास. १९३६ सालीं अमेरिकेंतील सन व्हॅली येथें युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनियर जेम्स करन यानें, केळ्यांचे घड जहाजांत चढविणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर, आंकड्यांच्या जागीं खुर्च्या लटकविल्या. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें आल्प द्युएझ येथें, पोलंडांत जन्मलेल्या जां पोमागाल्स्की यानें खेळाडूंना बर्फावरूनच वर ओढून नेणारा दोर बसविला. पुढें १९४७ सालीं त्याची पोमा कंपनी निघाली. त्याच १९४७ सालीं लाइटनरच्या कारखान्यानें कोर्वारा या गांवीं आपला पहिला खुर्च्यांचा रज्जुमार्ग उभा केला. १९५१ सालीं ओर्तिसेई येथें एर्नेस्तो प्रिनोत या मोटार-शर्यतींच्या शौकिनानें दुरुस्तीचा कारखाना घातला. त्यांतूनच बर्फ दाबून उतार सारखा करणारीं वाहनें पुढें तयार होऊं लागलीं. २००० सालीं लाइटनर, पोमा व प्रिनोत हीं तिन्ही नांवें एकाच उद्योगसमूहांत आलीं. काश्मीरांतील गुलमर्ग येथें १९९८ सालीं सुरू झालेला व २००५ सालीं अफरवट शिखराकडे वाढविलेला रज्जुमार्ग पोमाचाच होय. तेथें जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांनीं त्याचे पाळणे पाहिलेच असतील.

या धंद्यानें आल्प्सच्या खेड्यांचें रूप पालटलें. जो हिवाळा पूर्वीं साठविलेल्या धान्यावर काढावा लागे, तोच कमाईचा हंगाम झाला. शेतकऱ्याच्या मुलाला पोटासाठीं घर सोडण्याऐवजीं घरांतल्याच खोल्या पाहुण्यांना देतां येऊं लागल्या. परंतु ज्या दोरानें खेड्याला दारिद्र्यांतून वर ओढलें, त्यानेंच त्याला बर्फाशीं बांधून टाकलें. आतां हवेंतील उष्णता वाढत चालली आहे, आणि कमी उंचीच्या उतारांवर बर्फ पूर्वींइतका टिकत नाहीं. यावर उपाय म्हणून याच उद्योगसमूहांत बर्फ तयार करणारीं यंत्रेंही बनतात. पाण्याचे सूक्ष्म तुषार गार हवेंत उडविले म्हणजे ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. युक्ति चतुराईची खरी. परंतु तिला साठविलेलें पाणी लागतें, वीज लागते, आणि मुळांत हवा गार असावी लागते. ज्या थंडीची उणीव भरून काढावयाची, तिच्यावांचून हें यंत्रही पांगळेंच आहे.

तथापि दोराचें काम बर्फाबरोबर संपावें असें कांहीं नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत मेदेयीन हें शहर आहे. त्याच्या भोंवतालच्या उभ्या डोंगरांवर गोरगरिबांची दाट वस्ती आहे. २००४ सालीं पोमानें बांधलेला रज्जुमार्ग तेथील लोहमार्गाला जोडण्यांत आला. मेक्सिको शहरालगत एकातेपेक येथें लाइटनरचा रज्जुमार्ग २०१६ सालीं सुरू झाला. या दोन्ही ठिकाणीं कोणी खेळावयास वर जात नाहीं. दिवसभर राबून आलेला मजूर संध्याकाळीं पाळण्यांत बसतो, आणि शेंकडों पायऱ्या न चढतां आपल्या घरीं पोंचतो. टिरोलच्या शेतकऱ्याच्या पाठीवरील भारा उतरविण्यासाठीं जो दोर प्रथम वळला गेला, त्याचें मूळचें काम हेंच होतें.