थोरल्या आबांची तोफ

हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी मुख्याध्यापिकेचा लेख म्हटला की शाळेच्या वाटचालीचा आढावा अपेक्षित असतो. त्या विषयावर माझ्याहून अधिकारी मंडळींनी या ग्रंथात लिहिले आहे. मला मात्र या निमित्ताने एक जुनी चूक दुरुस्त करावयाची आहे. ती चूक माझी आहे आणि याच शाळेच्या प्रांगणात, शेकडो विद्यार्थ्यांसमोर, मी ती वर्षानुवर्षे केली आहे.

स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात मी माझ्या पणजोबांचा, थोरल्या आबांचा, उल्लेख करीत असे, हे अनेक माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. पहिल्या महायुद्धात ते ‘बसऱ्याला’ गेले, तेथे अवजड तोफखान्यात गोलंदाज होते आणि पुढे तुर्कांच्या कैदेत सापडले, असे मी सांगे. आधार एकच : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाक्य, “थोरले आबा तोफ चालवायचे.” त्यांचे पदक शाळेच्या इतिहास-दालनात काचेच्या पेटीत आहे. त्याखाली माझ्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी होती : ‘गोलंदाज, अवजड तोफखाना’.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात १८५७ चा उठाव शिकवीत होते. उठावानंतर इंग्रजांनी डोंगरी तोफखान्यांचा अपवाद वगळता तोफा हिंदी शिपायांच्या हाती ठेवल्या नाहीत, असे मी सांगितले. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. “बाई, मग तुमचे पणजोबा गोलंदाज कसे?” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. “पुढच्या तासाला पाहू,” मी म्हणाले. पुढच्या तासाला मी तो विषय काढला नाही, आणि त्यानेही नाही.

गेल्या मे महिन्यात मी मुलीकडे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे गेले होते. हे गाव आपल्या साताऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गावरच आहे. पुण्याहून निघालेला तो रस्ता कोल्हापूर, बेळगाव, बेंगळूरु करीत येथे पोहोचतो. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांची ही वसाहत. माझी मुलगी, आपल्या शाळेचीच विद्यार्थिनी, अशाच एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. हीरकमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी पदक स्वच्छ करावे, म्हणून मी ते बरोबर नेले होते. तिने ते घासू दिले नाही. तपासणीचे भिंग काढून ती पदकाची कड न्याहाळू लागली.

“आई, अगं इथे काही कोरलंय.”

पदकाला कड असते आणि त्या कडेवर अक्षरे असतात, हे इतकी वर्षे ते हाताळूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. काळवंडलेल्या चांदीवरची इंग्रजी अक्षरे तिने एकेक करून वाचली : क्रमांक, मग ‘डीव्हीआर’, मग थोरल्या आबांचे मोडक्यातोडक्या स्पेलिंगमधील नाव, आणि शेवटी ‘८६ हेवी बॅटरी, आर.जी.ए.’. डीव्हीआर म्हणजे ड्रायव्हर. त्या वर्गातील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काचेच्या पेटीतच पडून होते.

आर.जी.ए. म्हणजे रॉयल गॅरिसन आर्टिलरी. तिच्या अवजड तोफखान्यांत तोफ डागणारे सगळे गोरे असत; तोफा ओढणारी जनावरे हाकणारे हिंदी. हे मुद्दाम आखलेले धोरण होते. वास्तविक आपल्याकडे गोलंदाजीची परंपरा जुनी. आजच्या भारतीय तोफखाना दलाचा स्थापनादिन २८ सप्टेंबर हा मुंबई इलाख्याच्या गोलंदाज पलटणीतील एका कंपनीच्या, १८२७ मधील उभारणीवरून आला आहे. हा शब्द आज क्रिकेटपुरता उरला, ही गोष्ट वेगळी. १८५७ नंतर मात्र डोंगरी तोफांखेरीज सर्व तोफा गोऱ्यांच्या हाती गेल्या, आणि हिंदी जवानांचा पहिला मैदानी तोफखाना उभा राहण्यास १९३५ साल उजाडावे लागले. तोही बेंगळूरुला, याच रस्त्यावर. १९१५ साली साताऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा अवजड तोफ डागीत असणे शक्यच नव्हते. ‘तोफ चालवायचे’ हे घरचे वाक्य अक्षरशः खरे होते. ते हाकण्याच्या अर्थाने होते. आम्ही ते डागण्याच्या अर्थाने घेतले, कारण आम्हांला तेच हवे होते.

परतल्यावर मी उन्हाळ्याची उरलेली सुट्टी वाचनात घालविली. ८६ वी हेवी बॅटरी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती. याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे जनरल टाउनशेंडची आगेकूच थांबली, सैन्य मागे फिरून टायग्रिसच्या वळणातील कुत-अल-अमारा या गावी आले, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी त्याला वेढले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले वा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी होती. त्यांतील अनेकांना वाळवंटातून चालवीत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले.

वेढ्यात धान्य संपत चालले तशी जनावरे कापली गेली. आधी तोफखान्याचे बैल, मग घोडे आणि खेचरे.

हे वाक्य वाचले आणि मी पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी गावी आत्याकडे गेले. आत्या नव्वदीच्या घरात आहे. थोरल्या आबांच्या मांडीवर वाढलेली तेवढी एकच आता उरली आहे. ते लढाईतले काही सांगत का, असे मी विचारले.

“काय बी न्हाई बोलायचं. येकच हुतं. बेंदराच्या दिवशी सांजच्यापतुर अन्न शिवायचं न्हाईत. बैलं जेवली, मिरवून आली, की मग गोठ्यातच बसून जेवायचं. आमी म्हनायचो, म्हाताऱ्याला याड लागलंय.”

मी तिला कुतविषयी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंजी त्येंची बैलं हुती ती.”

बेंदूर आणि कुत यांचा संबंध कोणत्याही कागदावर सापडणार नाही, आणि इतिहासाच्या शिक्षिकेने असे दुवे जपून जोडावेत, हे मीच वर्गात सांगत आले आहे. तो मी येथे जोडीत आहे, याची जाणीव मला आहे.

आपल्या परिसरातील कितीतरी घरांत अशी पदके देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत पडून असतील. सातारा तालुक्यातील अपशिंगे या एकाच गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. स्मारकशिलांवर बहुधा आकडे असतात, नावे नसतात. नाव असते ते पदकाच्या कडेवर. पालकांना माझी विनंती आहे की घरातील पदक उजेडात धरून त्याची कड वाचावी. पदक घासू मात्र नये, अक्षरे झिजतात. पलटणीचे नाव कळले की पुढचा मार्ग बराच सुकर होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आता घरबसल्या पाहता येते. नावांची इंग्रजी स्पेलिंगे कारकुनाच्या कानावर अवलंबून असत, हे मात्र ध्यानात ठेवावे. आमच्या आडनावाची मी सात रूपे शोधून पाहिली.

इतिहास-दालनातील चिठ्ठी मी बदलली आहे. नव्या चिठ्ठीवर ‘ड्रायव्हर, ८६ वी हेवी बॅटरी, तोफेचे बैल हाकणारे’ असे लिहिले आहे. जुनी चिठ्ठीही ‘गोलंदाज’ या शब्दावर एक रेघ मारून शेजारीच ठेवली आहे. आठवीच्या त्या वर्गातील विद्यार्थी महोत्सवाला येणार असेल, तर त्याने इतिहास-दालनात अवश्य यावे. पुढचा तास अजून घ्यावयाचा राहिला आहे.