डॉपलमार्श
अमेरिकेतील एका खऱ्या पाणथळीच्या मोजमापांवर चालणारे संगणकीय भूदृश्य आणि संवादी कलाकृती. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील जोसेफ पॅराडिसो यांच्या संशोधनगटाने ती घडवली. याच गटाने आधी आपल्या इमारतीचे ‘डॉपललॅब’ हे असेच प्रतिरूप केले होते.

ही पाणथळ म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथील टिडमार्श. येथे शंभराहून अधिक वर्षे क्रॅनबेरीची शेती झाली. त्यासाठी ओढ्यावर बांध घातले, सरळ चर खणले आणि वेलींना नवे फुटवे यावेत म्हणून दर काही वर्षांनी वाळू पसरली. मूळची पीट माती थरांखाली दबली, समुद्रातून विणीसाठी वर येणाऱ्या हेरिंग माशांची वाट अडली. 2010 मध्ये शेती थांबली. नंतर बांध काढले, चर बुजवले, ओढ्याला पुन्हा वळणे दिली. वाळू उलथली तेव्हा पीटमध्ये कित्येक दशके निपचित पडलेले पाणवनस्पतींचे बी रुजून आले. बाहेरून झालेली ढवळाढवळ किती खोल जाते आणि तिच्याखाली काय तग धरून असते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

पुनरुज्जीवनाच्या काळात गटाने येथे बिनतारी संवेदक आणि ध्वनिग्राहक बसवले. तापमान, आर्द्रता, प्रकाश यांची मोजमापे आणि दलदलीतले आवाज ‘युनिटी’ या खेळनिर्मितीच्या प्रणालीत उभारलेल्या भूदृश्यात थेट पोहोचत. पडद्यावर फिरणारा प्रेक्षक ध्वनिग्राहकाजवळ गेला की तिथला आवाज मोठा होई. या आकड्यांवर संगीतकारांनी रचनाही केल्या.

क्रिस्टा सोमरर आणि लोराँ मिन्योनो यांच्या ‘ए-व्हॉल्व’ (1994) या कलाकृतीत प्रेक्षकाचा हात पाण्यातील आभासी जीवांच्या जगण्यात थेट हस्तक्षेप करतो. डॉपलमार्शमध्ये तो अधिकार नाही. प्रेक्षक फक्त आपली जागा बदलू शकतो. हवामान आणि आवाज टिडमार्शच ठरवते. आधीच इतकी तुडवली गेलेली जागा पुन्हा न तुडवता अनुभवू देणे, हेच या कलाकृतीचे खरे मोल.

तिची मर्यादाही मोठी आहे. संवेदक आले तेव्हा शेती संपली होती. त्यामुळे सावरण्याचा काळ तिच्यात आहे, बिघाडाचा नाही. तो इतिहास वाचल्याशिवाय ती नुसते रम्य दृश्य वाटू शकते.

2017 मध्ये ‘मॅस ऑड्युबॉन’ या संस्थेने टिडमार्श हे वन्यजीव अभयारण्य म्हणून लोकांसाठी खुले केले.