तळटीप २३ : ‘कावली–उडुपी रेषा’

२३. आंध्र किनाऱ्यावरील कावलीपासून कर्नाटकातील उडुपीपर्यंतची, सुमारे ६०० किमी लांबीची सर्वेक्षणरेषा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने (स्थापना १९६१) सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९७२च्या सुमारास हे काम हाती घेतले, त्यात के. एल. कैला अग्रभागी होते. मजकुरातील ‘भूकंपी’ या शब्दावरून येथे भूकंपांच्या नोंदी वापरल्या असे वाटेल, पण तसे नाही. सुरुंग उडवून लहरी मुद्दाम खाली सोडतात, त्या परतायला लागणारा वेळ ओळीने मांडलेल्या उपकरणांवर मोजतात आणि त्यावरून थरांची खोली काढतात. कवचाचा तळ, म्हणजे ‘मोहो’, येथे साधारण ३४ ते ४१ किमी खोल निघाला. त्याहून मोलाचे हे की तो खोलवरच्या प्रस्तरभंगांनी तुटलेला दिसला. दख्खनचे पठार एकसंध व निश्चल आहे, ही १९६७च्या कोयना भूकंपाने हादरलेली समजूत त्यामुळे आणखी ढिली झाली. हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेले नाही, गणिताने काढलेले आहे, हा आक्षेप रास्तच. प्रस्तरभंगांची जागा काही अंशी अर्थ लावणाऱ्यावर अवलंबून असते. परंतु वरच्या थरांचा पडताळा घेता येतो. कोयना परिसरातही याच पद्धतीने छेद घेतले होते आणि पुढे तेथील वेधनछिद्रांत बेसॉल्ट संपताच खाली ग्रॅनाइटी पाया लागला. मोहोपर्यंत मात्र कोणतेही छिद्र पोचलेले नाही. तेथील अनुमानांचा ताळा गुरुत्वमापनाशी घालावा लागतो.