कणकुंबीचा पाणलोट नकाशावर वाचताना

कणकुंबी म्हटलं की माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आठवतो. केंद्रीय जल आयोग आणि इस्रो यांनी उभारलेल्या 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस'वर नदीखोऱ्यांच्या सीमांचा थर चालू केला, की गावाचं खरं महत्त्व कळतं. मलप्रभा इथून पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. शेजारचा कळसा नाला मात्र म्हादईत, म्हणजे शेवटी अरबी समुद्रात. दोघांमधली जलविभाजक रेषा गावाला लागूनच जाते. मध्ये मोठा डोंगर असता तर पाणी वळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं!

हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्यासाठी कर्नाटकाला हे पाणी हवं आहे. १४ ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात म्हादई लवादाने कळसा नाल्यातून १.७२ टीएमसी वळवायला मुभा दिली. आता उपग्रहचित्र मोठं करा. पावसाळ्यातलं नको, नुसते ढग दिसतील, मार्च-एप्रिलचं घ्या. हिरव्या रानात कालव्याच्या खोदाईची तांबडी माती उठून दिसते. मग अभयारण्यांचा थर ठेवा. खाली गोव्यात म्हादई अभयारण्य आहे, आणि त्याच्याच आधारे गोव्याने २०२३ मध्ये कर्नाटकाला वन्यजीव कायद्याखाली नोटीस काढली.