तेलाच्या धक्क्यातून उन्हाकडे

भारत सौर आणि पवनऊर्जेकडे का वळला, असं विचारलं की बहुतेक जण हवामानबदलाचं नाव घेतात. इतिहास वेगळं सांगतो. आपण वळलो ते तेलाच्या भीतीनं.

ऑक्टोबर १९७३. इस्रायलशी युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेलाचं हत्यार उपसलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत अकरा डॉलरच्या पुढे गेलं. १९७९च्या इराणी क्रांतीनं दुसरा धक्का दिला. मुंबई हायचं तेल १९७६पासून येत होतं, पण ते पुरेसं नव्हतं. मार्च १९८१मध्ये सरकारनं ऊर्जेच्या अतिरिक्त स्रोतांसाठी आयोग नेमला. पुढच्याच वर्षी अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आला आणि १९९२मध्ये त्याचं मंत्रालय झालं. हवामानबदलावरचा संयुक्त राष्ट्रांचा करारही १९९२चाच. म्हणजे आपण त्याच्या दहा वर्षं आधीच निघालो होतो.

साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं तर १९७७मध्येच देशातला पहिला सौरघट बनवला होता. १९८६मध्ये ओखा, रत्नागिरी आणि तुतिकोरिनला पवनचक्क्या फिरू लागल्या. पण त्याच वर्षी जगात तेल कोसळलं. माझ्या मते, भीती ओसरली तशी आपली निकडही ओसरली.

२०१०मध्ये राष्ट्रीय सौर अभियान आलं, तेव्हा लिलावात सौरविजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. २०१७मध्ये राजस्थानातल्या भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. ही स्वस्ताई मोठ्या प्रमाणात चिनी पॅनेलांची होती.

२०२५मध्ये आपल्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून बिगर-जीवाश्म झाला. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य मावळल्यावर भार कोळशावरच येतो, आणि कच्चं तेल अजून ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच येतं.

मग आखातावरचं अवलंबित्व सोडून आपण चीनवरचं घेतलं का? पूर्णपणे नाही. तेल थांबलं तर ट्रक काही दिवसांत थांबेल, पण छपरावर बसवलेलं पॅनेल पंचवीस वर्षं वीज देत राहील. अडेल ते पुढचं पॅनेल. म्हणून ऊन आपलं असून भागत नाही, सौरघटही आपल्याच कारखान्यात घडले पाहिजेत. १९७७ची ती सुरुवात आपण मध्येच सोडली. आता तेल स्वस्त झालं तरी सोडायची नाही, एवढं या इतिहासातून घ्या.