पट्टा करवत

पट्टा करवत : लवचिक पोलादी पट्टीच्या एका कडेस दाते पाडून व तिची टोके जोडून केलेले अखंड पाते दोन चाकांवर ताणून फिरविणारे लाकूडकापणीचे यंत्र, कारखान्यांतून ते ‘बँडसॉ’ या नावानेच परिचित आहे. खालचे चाक चालक असते. वरचे चाक उचलून ताण वाढविता येतो व किंचित कलते करून पाते चाकाच्या मध्यावर आणता येते. पाते मेजातून सतत खाली जात असल्याने कापाचा जोर मेजावर पडतो आणि चक्री करवतीप्रमाणे लाकूड कामगाराच्या अंगावर उसळण्याचे भय राहत नाही.

इतिहास : लंडनचे विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये अशा यंत्राचे एकस्व घेतले, परंतु चाकांवरून जाताना वारंवार वाकणारा व पुन्हा सरळ होणारा सांधा टिकेना, म्हणून ती कल्पना बराच काळ दप्तरातच राहिली. आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच महिलेने १८४६ मध्ये सांधा जोडण्याच्या रीतीचे एकस्व मिळविले. ते पुढे पॅरिसच्या पेरँ यांच्या कारखान्याकडे गेले, व तेथे सुधारलेल्या पोलादाची आणि त्यास पाणी देण्याच्या नव्या पद्धतीची जोड लाभल्यावर हे यंत्र व्यवहारोपयोगी झाले.

सांधा : यंत्राची सारी भिस्त सांध्यावर असते. मोठ्या कारखान्यांत टोके विजेच्या साहाय्याने समोरासमोर वितळवून जोडतात. चांदीच्या डाकाची जुनी रीत मात्र हातकामाची आहे. तीत दोन्ही टोके विरुद्ध बाजूंनी कानसून उतरती करतात, दात्यांचे अंतर बिघडणार नाही अशा बेताने एकमेकांवर बसवितात, पाठीकडील कड सरळ पट्टीला टेकवून शिकंजात धरतात आणि मधे टाकणखाराचा लेप दिलेले डाकाचे पातळ पान ठेवून ते वितळेपर्यंत तापवितात. निवल्यावर सांधा कानसून पात्याच्या मूळ जाडीइतका करणे अगत्याचे असते. जाड राहिल्यास प्रत्येक फेऱ्यास मार्गदर्शक ठोकळ्यांवर ‘टक्’ असा आवाज येतो, व फाजील कानसल्यास पाते नेमके तेथेच तुटते.

पात्याची निवड : वळणाचे काम अरुंद पात्याचे, सरळ चिरकाम रुंद पात्याचे. सुमारे ६ मिमी. रुंदीचे पाते १६ मिमी. त्रिज्येपर्यंतचे वळण घेऊ शकते, तर १२ मिमी. रुंदीच्या पात्यास ६५ मिमी.च्या आसपास त्रिज्या लागते. जाड फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या चिरताना मोठे व विरळ दाते घेतात, कारण दात्यांमधील खोबणीत भुस्सा साठण्यास जागा हवी. सागवानात सिलिकेचा अंश असल्याने धार लवकर बोथटते. पाते बारीक असल्यामुळे लाकडाची नासाडी कमी होते. महाग लाकूड चिरण्यास हे यंत्र पसंत केले जाते ते यामुळेच.

ताण : काम संपल्यावर ताण सैल करावा किंवा कसे, याविषयी जाणकारांत एकमत नाही.

सुरक्षितता : वरचा मार्गदर्शक व संरक्षक आवरण लाकडाच्या पृष्ठभागालगत आणून ठेवावे, गोल लाकूड खाचेच्या ठोकळ्यात बसविल्यावाचून कापू नये, कारण ते पात्याच्या ओढीने गरकन फिरते.

वखारींतील यंत्रे : ओंडका रुळांवरील गाडीस जखडून पात्याकडे नेतात.